ठपका खाऱ्या वाऱ्यावर

वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी पाचूबंदर आहे. इथे लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. खिडकीचे गज, सायकलची साखळी, पंख्याचे स्क्रू, दाराची कडी, सगळ्यांची गत एकच: रंग दिला की काही महिन्यांत फुगवटा, आणि फुगवट्याखाली लाल पूड. त्यामुळे धातूचं काहीही बिघडलं तरी उत्तर तयार असतं, ‘खारी हवा हो, दुसरं काय!’ अशा गावात एखाद्या खणातून जुनं धातूचं फाउंटन पेन निघावं, टोपण आट्यांवर अडकून बसलेलं, निबवर तपकिरी खडबड, क्लिपच्या मुळाशी लालसर रेघ, तर चौकशीआधीच निकाल लागतो. समुद्राने खाल्लं. हा निकाल मला मान्य नाही. समुद्र धुतल्या तांदळासारखा आहे असं माझं म्हणणं नाही. पण पेनाच्या खटल्यात तो सोयीचा आरोपी आहे. त्याच्यावर ठपका ठेवला की खरा गुन्हेगार टोपणाच्या आत बसून सुखाने काम करत राहतो.

सुरुवात भाषेपासून करावी लागते, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो. पेनावर जे काही चढलं असेल त्या सगळ्याला आपण ‘गंज’ म्हणून मोकळे होतो. मराठी स्वयंपाकघर याहून कितीतरी चोख आहे. तिथे लोखंडी तवा गंजतो, चांदीची वाटी काळवंडते, आणि कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं तर ते कळकतं. तीन धातू, तीन क्रियापदं. त्यातलं कळकणं तर फारच नेमकं, कारण कळकतं ते ताक, पण बिघाड असतो ताक आणि पितळ यांच्या संगतीचा. आपण ज्याला धातूचं पेन म्हणतो ते बहुधा याच पितळेचं असतं, म्हणजे तांबं आणि जस्त; वर निकेल-क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा, नाहीतर रंगाचा थर. लोखंड त्यात थोडंच: क्लिप, तिला ताण देणारी स्प्रिंग, जुन्या पेनात शाईची रबरी पिशवी दाबणारी पट्टी, आणि पोलादी निब. लाल-तपकिरी पूड दिसली तर ती या मोजक्या जागांतूनच आलेली असणार. हिरवा-निळा थर हे तांब्याचं काम. पिवळ्या पितळेवर गुलाबीसर डाग उमटला असेल तर तिथलं जस्त निघून गेलंय आणि मागे जाळीदार तांबं उरलंय. हे सर्वांत वाईट, कारण आकार शाबूत दिसतो आणि ताकद गेलेली असते. रंग कोणता आणि जागा कोणती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय आरोपी ठरवू नये.

आता समुद्राविरुद्धचा पुरावा बघू. तो हलका नाही. लाट फुटते तेव्हा बारीक तुषार उडतात, त्यांतलं पाणी वाटेत सुकतं आणि मिठाचे कण वाऱ्यावर गावात येतात. स्वयंपाकातलं शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होऊ लागतं. इतकी कोरडी हवा किनाऱ्यावर क्वचित मिळते. म्हणजे गजावर बसलेला खारा कण इथे जवळजवळ बारा महिने दमट असतो. शिवाय मिठातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा नेमका एखाद्या बिंदूपाशी फोडतं आणि तिथून टाचणीच्या टोकाएवढा खड्डा आत उतरत जातो. एवढं सगळं मान्य. पण हाच पुरावा पुढे वाचला तर तो फिरतो. हे कण किनाऱ्यापासून काहीशे मीटरांत झपाट्याने कमी होतात, आणि भिंत, दार, खण, पेटी, टोपण अशी प्रत्येक आडकाठी त्यांना आणखी गाळते. उघड्यावरच्या गजाची आणि खणातल्या पेनाची तुलना म्हणजे वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलाची बरणीतल्या लोणच्याशी तुलना. दोन्हींत मीठ आहे, एवढंच साम्य.

पेन वाऱ्याने खाल्लं असतं तर आधी त्याचं बाहेरचं अंग गेलं असतं: टोपणाचा माथा, दांड्याचं मागचं टोक. पण बिघडलेल्या धातूच्या पेनांत पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या जागा वेगळ्याच आहेत. निबची चीर, बोटांत धरायच्या भागापाशी असलेली धातूची कडी, टोपणाच्या तोंडाची आतली कड, शाई ओढणाऱ्या पंपाचे धातूचे भाग. या साऱ्या जागी वारा सगळ्यांत शेवटी पोचतो आणि शाई सगळ्यांत आधी. यावर कोणी म्हणेल, बाहेरही डाग असतात त्याचं काय? क्लिपखाली, दांड्यावर, बोटांच्या जागी? असतात. पण तेच डाग पुण्यातल्या आणि नागपुरातल्या पेनांवरही असतात, आणि नागपूरला समुद्र नाही. घामातही तेच मीठ असतं. सदऱ्याच्या खिशात उन्हाळाभर वावरणाऱ्या पेनाला पाचूबंदरला राहायची गरज नाही. खिशात ज्याची त्याची खाडी असते.

शाईकडे बोट दाखवताना इतिहास थोडा उलगडावा लागतो, कारण धातू आणि शाई यांचं वैर जन्मजात नाही. आपल्याकडची जुनी काळी शाई काजळाची होती: काजळ, डिंक आणि वर प्रत्येकाच्या घरची काही गुपितं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांवरची अक्षरं अजून काळीभोर आहेत ती काजळामुळे. ती बोरूने लिहिली गेली, आणि बोरूला गंजण्यासारखं काही नव्हतंच. इंग्रजी कचेरीबरोबर लोखंडी शाईचा रिवाज पक्का झाला. हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणि बाळगुटीत उगाळतात त्या मायफळाचा किंवा हिरड्यासारख्या फळाचा तुरट अर्क. दोन्ही एकत्र आले की काळा रंग तयार होतो आणि सोबत गंधकाम्लही सुटतं. कागदात मुरून पक्की बसणारी ही शाई दस्तऐवजांसाठी उत्तम, पण तिच्यात बुडवायचा टाक होता बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतल्या पोलादी टोकाचा. ती टोकं टिकावीत अशी अपेक्षाच नव्हती. कोळसा जळावा तशी ती खपत, डब्बीतून नवं टोक काढून लावलं की झालं. पुढे शाई पोटात घेऊन हिंडणारं पेन निघालं, वॉटरमनचं पेटंट १८८४ चं, आणि तेव्हा ही चंगळ परवडेना, कारण आता निब दिवसरात्र आम्लात बुडलेली राहणार होती. म्हणून सोन्याची निब, टोकाला झिजू नये म्हणून इरिडियमच्या जातीच्या कठीण धातूचा कण, आणि दांडा गंधक घालून कडक केलेल्या रबराचा, एबोनाइटचा. सोन्याच्या निबला आपण थाट समजतो. मुळात ते आम्लाला दिलेलं उत्तर होतं. ज्यांनी पेन घडवलं त्यांना शत्रू कुठे आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तो त्यांनी समुद्रावर शोधला नव्हता.

उलट्या बाजूचं उदाहरणही आहे. पार्करने १९४१ साली ‘५१’ हे पेन बाजारात आणलं आणि त्याच्यासाठी झटकन वाळणारी खास शाई काढली. ही आम्ल नव्हे, तीव्र अल्कली होती, इतकी की ती दुसऱ्या पेनात भरू नका असं कंपनीच सांगत असे. म्हणजे प्रश्न आंबट-तुरटाचा नाही, शाईने धातूशी आणि बाकीच्या भागांशी जमवून घेण्याचा आहे. आपल्याकडे मुंबईच्या गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या उद्योगाने, ज्याला पुढे कॅम्लिन हे नाव मिळालं, मराठी घरांत शाईची दौत नेली. आजच्या रोजच्या वापरातल्या शाया साध्या विरघळणाऱ्या रंगांच्या असतात आणि जुन्या लोखंडी शाईपेक्षा पुष्कळ सौम्य. पण सौम्य शाईसुद्धा पेनात सुकू दिली तर सौम्य राहत नाही. पाणी उडून जातं, क्षार आणि आम्ल मागे राहून दाट होतात, आणि पावसाळ्यात हा सुकलेला थर हवेतून पुन्हा ओल धरतो. चार महिने भरून ठेवलेलं पेन म्हणजे कल्हई नसलेल्या भांड्यात विसरलेलं ताक.

इथे स्टेनलेस स्टीलचा आक्षेप येतो. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली हे पोलाद पुढे आणलं. आजच्या बहुतेक निब त्याच्याच, मग गंजतील कशाला? गंजतात, आणि त्या ज्या कारणाने गंजतात ते माझ्या बाजूचं सर्वांत भक्कम साक्षीपत्र आहे. या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. ते हवेतल्या प्राणवायूशी मिळून डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतं. ओरखडा आला तरी पापुद्रा पुन्हा धरतो, मात्र त्याला प्राणवायू मिळाला पाहिजे. निब आणि तिच्याखालची जीभ यांच्यामधल्या फटीत खारट, शिळी शाई तुंबली की तिथला प्राणवायू संपतो, पापुद्रा भरून येत नाही, आणि गंज नेमका त्या बंद फटीत सुरू होतो. मोकळ्या हवेतला पोलादी चमचा पाचूबंदरलाही वर्षानुवर्षं चकचकीत राहतो. तेच पोलाद टोपणाखाली, ओलं आणि कोंदलेलं, खड्डे धरतं. ज्या वाऱ्याला आपण दोष देतो, त्याच्यातल्याच प्राणवायूवर हे पोलाद जगत असतं.

हवेवर ठपका ठेवण्याची ही सवय जुनी आहे आणि तिचा एक नमुना भारतातच घडला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. मोसमात तडकतात म्हणून इंग्रजीत या रोगाचं नावच ‘मोसमी तडकणं’ पडलं. पुढे, १९२१ साली, ब्रिटिश संशोधकांनी कारण दाखवून दिलं: अमोनिया. काडतुसं तबेल्यांजवळ साठवलेली, घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, पावसाळी ओलाव्यात तो पितळेवर बसायचा, आणि ठोकून-ओढून घडवलेल्या पितळेत जो ताण दडलेला असतो त्याच्या रेषेवर तडा जायचा. पाऊस साथीदार होता. मुख्य आरोपी त्याच आवारात बांधलेला होता. नाव मात्र मोसमाचंच राहिलं. ही गोष्ट पेनवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण वाळलेली शाई सोडवायला पाण्यात थोडा अमोनिया घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि काचा पुसायच्या काही निळ्या द्रवांतही तो असतो. प्लॅस्टिकच्या पेनाला तो सहज चालतो. पितळी टोपण मात्र ठोकून-ओढूनच घडवलेलं असतं.

म्हणजे गुन्हेगारांत शाईनंतर दुसरा नंबर आपल्या सफाईचा लागतो. पितळ म्हटलं की हात चिंचेकडे जातो. चिंच आणि मीठ लावून घासलेला तांब्या कसा लखलखतो! पण तांब्याची भिंत जाड असते. दर दिवाळीला केसभर धातू गेला तरी पिढ्या जातात. पेनावरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्याही खाली असू शकतो, सोन्याचाही बहुधा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा. साधा कागद शंभर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी चकाकवायची पूड, दंतमंजन, यांपैकी काहीही लावलं तरी गंज आणि मुलामा यांत ते भेद करत नाही. आम्ल मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खाली पितळेत उतरतं आणि मीठ सोबत असेल तर काम आणखी वेगाने होतं. शिवाय दोन धातू ओल्या मिठात एकमेकांना टेकले की कमी प्रतीचा धातू आधी विरघळतो, वरच्या प्रतीचा सुरक्षित राहतो. घासून घासून सोन्यात एक भोक पाडलं की सारा मारा त्या भोकातल्या पितळेवर. अशा पेनाला चमक येते ती शेवटची.

मग करायचं काय? थोडंच. कोमट साध्या पाण्याने आतलं शाईचं पाणी निवळेपर्यंत धुणं, आणि इथे समुद्राविरुद्धच्या पक्षाला एक गुण द्यायला मी तयार आहे: वसईच्या किनारपट्टीवर विहिरी-बोअरचं पाणी मचूळ होण्याची तक्रार जुनी आहे, म्हणून शेवटचं धुणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने व्हावं. पोलादी भाग रात्रभर भिजत ठेवू नयेत. मऊ सुती फडक्याने टिपून, टोपण काढून, दिवसभर हवेवर. क्लिपवरची लाल पूड शिलाई मशीनच्या तेलाच्या थेंबाने सैल करून लाकडी दातकोरणीने काढावी. खोबरेल नको, ते खवट होतं आणि खवटपणा म्हणजे पुन्हा आम्लच. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीतही ठेवू नये, कारण ते प्लॅस्टिक जुनं झालं की मिठाचं आम्ल सोडतं. चीर खड्ड्यांनी खाल्ली असेल तर ती घासून परत येत नाही, निब बदलावी.

आणि काही डाग तसेच राहू द्यावेत. हे ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील, पण याचा दाखला वसईचाच आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हं म्हणून देशावर गेल्या. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर १७०७ ची घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. पोर्तुगीज काळात खारा वारा आणि पुढे पावणेतीनशेहून अधिक वर्षं नदीकाठचे पावसाळे, एवढं सोसून त्या अजून वाजतात. तांबं आणि कथील यांच्या मिश्रणावर जो काळपट-हिरवट थर चढतो तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. लोखंडाच्या गंजाला हे जमत नाही, तो फुगतो, सुटतो आणि खालचं ताजं लोखंड उघडं पाडतो. पितळी दांड्यावरचा एकसारखा तपकिरी रंग घंटेच्या जातीचा, क्लिपच्या मुळाशी फुगणारी लाल रेघ गजाच्या जातीची. पहिल्याला हात लावू नये, दुसऱ्याला लगेच लावावा. सरसकट गंज थांबवायला गेलं की काय होतं, याचाही दाखला आहे. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं विरघळायचं थांबलं. कोचीनला बांधलेल्या ‘सॅमरँग’ जहाजावर प्रयोग झाला. पण तांबं विरघळेना तशी जहाजांच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ धरू लागलं, कारण त्यांना मारत होतं ते विरघळणारं तांबंच. गंज थांबला आणि जहाजाची चाल मंदावली. सगळा गंज एकाच मापाने मोजणाऱ्याला अशीच अद्दल घडते.

शेवटचा आक्षेप खर्चाचा: पाच-दहा रुपयांत बॉलपेन मिळत असताना एवढी उस्तवार कशाला? ज्याला असं वाटतं त्याच्याशी माझा वाद नाही. किनाऱ्यावर राहून रोज शाईने लिहायचं असेल आणि देखभाल नकोच असेल तर एबोनाइटचं किंवा प्लॅस्टिकचं पेन घ्यावं, पहिल्या कारागिरांनीही तेच केलं होतं. कागदाहून पातळ मुलामा देऊन पितळेचं पेन विकणाऱ्यांनी हे ग्राहकाला सांगायला हवं, तेही सांगत नाहीत. पण घरात आजोबांचं धातूचं पेन आहे म्हणून समुद्राच्या नावाने बोटं मोडत ते फेकून देणं हा मात्र अन्याय आहे, पेनावरही आणि समुद्रावरही.

पाचूबंदरला १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. नौका वर ओढून शाकारल्या जातात आणि त्या काळात त्यांचं खरवडणं, डागडुजी आणि रंगकाम होतं. ज्या पेनाने या दोन महिन्यांत लिहिणार नाही, त्याची शाई त्याच दिवशी काढा, धुवा, सुकवा आणि टोपण सैल ठेवून सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाका. नारळी पौर्णिमेला पुन्हा भरा.